आपल्याच रुग्णाला संशोधनात सहभागी होण्याविषयी कसे विचारावे

रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टरला केव्हा ना केव्हा एकाच माणसासमोर दोन भूमिकांत उभे राहावे लागते. सकाळच्या राउंडमध्ये ज्याला तपासून आपण औषध बदललेले असते, त्यालाच दुपारी ‘आमच्या अभ्यासात भाग घ्याल का’ असे विचारायचे असते. पहिल्या भूमिकेत त्याचे बरे होणे एवढाच हेतू असतो. दुसऱ्या भूमिकेत मात्र आपल्यालाच त्याच्याकडून काहीतरी हवे असते. मग ते रक्ताचे दोन जादा नमुने असोत, वर्षभराचा पाठपुरावा असो, किंवा प्रबंधासाठी ठरलेल्या संख्येत एकाची भर असो. रुग्णाला हा बदल जाणवत नाही, कारण समोरचा माणूस तोच असतो आणि त्याचा ॲप्रनही तोच असतो.

पुढे दिलेली कार्यपद्धती मुख्यतः पदव्युत्तर विद्यार्थी, निवासी डॉक्टर आणि संशोधनाकडे नव्याने वळलेले चिकित्सक यांच्यासाठी आहे. संमतिपत्रात कोणते मुद्दे असावेत याच्या याद्या सहज मिळतात आणि संशोधनाला मंजुरी देणारी नीतिसमिती त्या तपासतेच. म्हणून इथे भर दिला आहे तो प्रत्यक्ष विचारण्यावर. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. ज्या पद्धतीने विचारल्यावर रुग्णाला ‘नाही’ म्हणणे जड जाते, त्या पद्धतीने मिळालेला होकार कागदावर कितीही निर्दोष दिसला तरी तो पुरेसा मानू नये. खालच्या बहुतेक सूचना याच कसोटीतून निघाल्या आहेत.

विचारणारा कोण असावा

जागतिक वैद्यकीय संघटनेने 1964 मध्ये स्वीकारलेल्या आणि अलीकडे 2024 मध्ये सुधारलेल्या हेलसिंकी जाहीरनाम्यात याविषयी स्पष्ट तरतूद आहे. सहभागी होऊ शकणारी व्यक्ती डॉक्टरवर अवलंबून असेल, किंवा ती दबावाखाली होकार देण्याचा संभव असेल, तर संमती घेण्याचे काम त्या नात्याबाहेरच्या, पण पात्र अशा व्यक्तीने करावे, असे तो सांगतो. उपचार घेणारा जवळजवळ प्रत्येक रुग्ण या वर्णनात बसतो. ‘डॉक्टर, तुम्ही म्हणाल तसं’ हे वाक्य संमतीच्या संभाषणात ऐकू आले, की रुग्ण उपचाराच्या नात्यातून उत्तर देतो आहे हे ओळखावे.

म्हणून शक्य असेल तिथे उपचार करणाऱ्याने स्वतः संमती घेऊ नये. दुसऱ्या युनिटमधला सहकारी, प्रशिक्षित संशोधन परिचारिका किंवा समाजसेवा विभागातील कार्यकर्ता हे काम अधिक चांगले करू शकतो. आपण एवढेच म्हणावे: ‘काका, आपल्याकडे या आजारावर एक अभ्यास चालू आहे. त्याची माहिती सांगायला एक सहकारी येतील. ऐकायचं की नाही आणि त्यात यायचं की नाही, हे सर्वस्वी तुमच्यावर आहे. माझे उपचार आहेत तसेच चालू राहतील.’ त्यानंतर तो विषय आपण काढू नये. दुसऱ्या दिवशी राउंडला, पाचसहा जणांच्या घोळक्यातून ‘मग काय ठरलं?’ असे विचारणे वरवर साधे वाटते, पण पलंगावर पडून असलेल्या माणसाला त्या क्षणी नकार देणे जवळजवळ अशक्य असते.

याचा अर्थ उपचार करणाऱ्याने पूर्णपणे गप्प बसावे असा नाही. या विशिष्ट रुग्णाच्या मूत्रपिंडाची अवस्था, त्याची इतर औषधे, पूर्वी आलेली ॲलर्जी हे सर्व उपचार करणाऱ्यालाच माहीत असते, आणि सहभाग घेणे आपल्या दृष्टीने शहाणपणाचे आहे का, हे आपल्या डॉक्टरला विचारण्याचा रुग्णाला अधिकार आहे. विचारले तर प्रामाणिकपणे उत्तर द्यावे. सही मात्र घेऊ नये. आणि दुसऱ्याकडे काम सोपवले म्हणून जबाबदारी सुटली, असेही समजू नये. 1947 मध्ये न्यूरेंबर्ग येथे नाझी डॉक्टरांवरील खटल्याच्या निकालात जी दहा कलमे मांडली गेली, त्यांतील पहिलेच कलम संमतीचे आहे. संमती खरी आहे की नाही हे पाहण्याचे कर्तव्य प्रयोग सुरू करणाऱ्या, चालवणाऱ्या आणि त्यात भाग घेणाऱ्या प्रत्येक संशोधकाचे व्यक्तिशः असून ते दुसऱ्याच्या गळ्यात घालून मोकळे होता येत नाही, असे त्यात म्हटले आहे.

लहान रुग्णालयात दुसरे कोणी उपलब्धच नसते, ही अडचण खरी आहे. अशा वेळी निदान वेळ आणि जागा तरी वेगळी ठेवावी: तपासणी आणि उपचाराचे बोलणे पूर्ण करावे, रुग्णाला कपडे सारखे करू द्यावेत, खुर्चीत बसू द्यावे, आणि आता आपण वेगळ्या विषयावर बोलणार आहोत हे स्पष्ट सांगून मग सुरुवात करावी. शस्त्रक्रियेपूर्वी गुंगीचे औषध दिल्यावर, प्रसूतीच्या कळा चालू असताना किंवा कर्करोगाचे निदान सांगितल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात ही विचारणा करू नये. त्या क्षणांशी निगडितच अभ्यास असेल, तर विचारणा आधीच्या भेटीत कशी करता येईल हे आराखडा तयार करतानाच ठरवावे.

विचारण्याआधीची तयारी

अभ्यासाचा आराखडा संपूर्ण वाचावा. सारांश वाचून रुग्णासमोर बसणारा पहिल्याच प्रश्नाला अडखळतो आणि मग ‘काही होत नाही हो त्यानं’ अशा वाक्याचा आधार घेतो. हातातले संमतिपत्र नीतिसमितीने मंजूर केलेल्या आवृत्तीचेच आहे का, हे आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख पाहून तपासावे. आराखड्यात बदल झाल्यानंतरही जुने फॉर्म ड्रॉवरमध्ये पडून राहतात आणि तेच वापरले जातात. चाचणीची नोंदणी पहिला सहभागी घेण्यापूर्वी सार्वजनिक नोंदवहीत झाली असली पाहिजे.

यानंतर दोन प्रश्न स्वतःला विचारायचे असतात. पहिला असा, की दोन उपचारांपैकी कोणता चांगला हे मला, किंवा निदान या क्षेत्रातील जाणकारांना, खरोखरच माहीत नाही का? वैद्यकीय नीतीचे अभ्यासक बेंजामिन फ्रीडमन यांनी 1987 मध्ये ही अट नेमकी मांडली. एकट्या डॉक्टरचा थोडाफार कल एका बाजूला असला तरी चालेल, पण तज्ज्ञांमध्ये प्रामाणिक मतभेद असले पाहिजेत, तरच रुग्णांची विभागणी चिठ्ठीने करणे न्याय्य ठरते. समोरच्या रुग्णाच्या बाबतीत एक उपचार स्पष्टपणे सरस आहे अशी आपली खात्री असेल, तर त्याला अभ्यासात घेऊ नये, मग तो निकषांत कितीही चपखल बसत असो.

दुसरा प्रश्न आपल्या स्वार्थाचा आहे. प्रत्येक रुग्णामागे विभागाला किंवा आपल्याला रक्कम मिळते का, कंपनीकडून परिषदेचा खर्च होतो का, प्रबंध सादर करण्याची तारीख जवळ आली आहे का, हे प्रश्न गैरसोयीचे असले तरी टाळू नयेत. आर्थिक हितसंबंध असेल तर तो नीतिसमितीला कळवावा आणि माहितीपत्रकात रुग्णालाही सांगावा. प्रबंधाच्या तारखेबद्दल कोणताही फॉर्म विचारत नाही. माझ्या मते वाईट संमती घेण्यामागे पैशापेक्षा ती तारीखच अधिक वेळा असते, आणि म्हणूनच मार्गदर्शकांनी अभ्यासाची संख्या ठरवताना नकारांसाठी जागा ठेवून वेळापत्रक आखले पाहिजे.

प्रत्यक्ष बोलणे

पहिले वाक्य जपून निवडावे. ‘तुमच्यासाठी एक नवीन औषध आलं आहे’ अशी सुरुवात केली, तर पुढे कितीही खरे सांगितले तरी रुग्णाच्या मनात उपचारच राहतो. 1982 मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ पॉल ॲपलबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की संशोधनातील प्रत्येक गोष्ट आपल्या वैयक्तिक हितासाठीच ठरवली जात आहे असे सहभागी रुग्ण समजत राहतात, आणि माहिती दिल्यानंतरही हा समज टिकून राहतो. अमेरिकेतील टस्कीगी येथील अभ्यासात तर या गैरसमजाचा मुद्दाम वापर केला गेला. 1932 ते 1972 या काळात तिथे सुमारे 600 कृष्णवर्णीय पुरुषांवर, त्यांपैकी 399 जणांना सिफिलिस असताना, आजार कसा वाढत जातो याचे निरीक्षण केले गेले. 1940 च्या दशकाच्या अखेरीस पेनिसिलिन हा प्रस्थापित उपचार झाला, तरी ते त्यांना दिले गेले नाही. पाठीच्या कण्यातून पाणी काढण्याच्या तपासणीसाठी त्यांना बोलावताना पत्रात ‘खास मोफत उपचार’ असे लिहिले होते.

तेव्हा सुरुवात अशी करावी: ‘आता मी जे सांगणार आहे तो तुमच्या उपचाराचा भाग नाही. हे संशोधन आहे. यातून पुढे येणाऱ्या रुग्णांना उपयोग होईल अशी आशा आहे. तुम्हाला स्वतःला फायदा होईलच असं मी सांगू शकत नाही.’ पुढचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी अभ्यासात न आल्यास काय उपचार मिळतील ते सांगावे, आणि नंतर अभ्यासात आल्यास त्यात काय बदलेल ते. हा क्रम उलटा झाला, की नकार म्हणजे काहीतरी गमावणे असे वाटू लागते. जादा भेटी किती, जादा रक्त किती, प्रत्येक भेटीला किती वेळ जाईल, कामाचा किती दिवसांचा खाडा होईल, या गोष्टी रुग्णाला रेणूच्या नावापेक्षा कितीतरी महत्त्वाच्या असतात. संमतिपत्रात मात्र त्या बहुधा शेवटच्या पानांवर असतात.

चिठ्ठीने होणारी विभागणी समजावणे सर्वांत कठीण. नाणेफेकीसारखे, असे सांगितले की शब्द कळतात. पण ‘माझ्या बाबतीत डॉक्टर बघूनच ठरवतील’ हा विश्वास हलत नाही. म्हणून सरळ म्हणावे: ‘कोणतं औषध मिळेल हे मी ठरवणार नाही, तुम्हीही ठरवणार नाही. संगणक ठरवेल, आणि तो ठरवताना तुम्हाला कोणतं जास्त मानवेल हे पाहणार नाही.’ प्लॅसिबो असेल, तर त्यात औषधी द्रव्य नसते हे स्वच्छ शब्दांत सांगावे. अभ्यास आंधळा असेल, तर गोळी कोणती हे आपल्यालाही माहीत नसेल, मात्र तातडीच्या प्रसंगी ते शोधून काढण्याची सोय आहे, हेही सांगावे.

धोक्यांबद्दल बोलताना ‘क्वचित’, ‘किरकोळ’, ‘सहसा नाही’ हे शब्द टाळावेत, कारण प्रत्येक जण त्यांचा आपल्या सोयीचा अर्थ लावतो. ‘हे औषध घेणाऱ्या 100 जणांपैकी साधारण 5 जणांना असा त्रास होतो, 95 जणांना होत नाही’ असे दोन्ही बाजूंनी सांगावे. धोका माहीतच नसेल, तर तेही सांगावे. सहभागामुळे इजा झाल्यास उपचाराचा खर्च आणि भरपाई कोण देणार, नोंदी कोण पाहू शकेल, नाव कुठे राहील आणि कुठून काढले जाईल, हे रुग्णाने विचारण्याची वाट पाहू नये.

पैशाबद्दल थोडे. प्रवासखर्च आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई देण्यात काही गैर नाही. रक्कम धोक्याच्या प्रमाणात वाढू लागली, की मात्र थांबून विचार करावा. क्यूबामध्ये 1900 साली अमेरिकी लष्करी डॉक्टर वॉल्टर रीड यांनी पीतज्वराच्या प्रयोगांत स्वयंसेवकांशी लेखी करार केले. इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत केलेले हे करार त्या काळाच्या मानाने फार पुढचे होते. पण त्यांत सहभागासाठी 100 डॉलर आणि आजार झालाच तर आणखी 100 डॉलर अशी सोन्याच्या नाण्यांत रक्कम ठरली होती. आजची कोणतीही जागरूक नीतिसमिती या दुसऱ्या शंभरावर अडून बसेल.

समजले की नाही हे पाहणे

‘समजलं ना?’ या प्रश्नाला रुग्ण ‘हो’ म्हणतो, कारण त्याला आपल्याला नाराज करायचे नसते किंवा लवकर मोकळे व्हायचे असते. त्याऐवजी परीक्षा आपली आहे अशा सुरात विचारावे: ‘मी नीट सांगितलं की नाही हे मला पाहायचं आहे. घरी गेल्यावर विचारलं तर तुम्ही काय सांगाल?’ उत्तरात निदान चार गोष्टी याव्यात: हे संशोधन आहे, औषध चिठ्ठीने ठरेल, त्रास काय होऊ शकतो, आणि केव्हाही बाहेर पडता येते. एखादी गोष्ट राहिली तर ती वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगावी. दुसऱ्यांदाही ‘चांगलं औषध मिळणार’ एवढेच उत्तर आले, तर त्या दिवशी सही घेऊ नये.

माहितीपत्रक घरी नेऊ द्यावे. अभ्यासाचे स्वरूप परवानगी देत असेल, तर एक रात्र तरी मध्ये जावी. नातेवाइकांशी बोलण्यास प्रोत्साहन द्यावे. तरी निर्णय नातेवाइकांचा नसतो. मुलगा पुढे होऊन ‘आई करेल सही’ म्हणत असेल, तर त्याला आदराने बाहेर बसवून आईशी पाच मिनिटे एकटीशी बोलावे. अनेकदा खरा प्रश्न तिथेच निघतो.

सहीची बाब

सही आणि तारीख सहभागी व्यक्तीने स्वतःच्या हाताने लिहावी. आपण तारीख भरून ठेवू नये. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी निःपक्ष साक्षीदार लागतो, आणि तो संपूर्ण संभाषणाला हजर असावा लागतो. शेवटी वॉर्डबॉयला हाक मारून ‘इथे सही कर’ म्हणणे ही फसवणूक आहे, कारण आपण न ऐकलेल्या गोष्टीची तो ग्वाही देत असतो. साक्षीदार अभ्यासाच्या चमूतला नसावा. सही झालेली प्रत रुग्णाला द्यावी. संभाषण कधी झाले, कोणी केले, रुग्णाने कोणते प्रश्न विचारले, याच्या दोनतीन ओळी केसपेपरवर लिहाव्यात. आणि अभ्यासासाठीची कोणतीही जादा तपासणी, एक थेंब रक्तही, या सहीच्या आधी घेऊ नये. सही राहून गेल्याचे नंतर लक्षात आले, तर मागची तारीख टाकून ती घेण्यापेक्षा आजच्या तारखेने झाला प्रकार लिहून नीतिसमितीला कळवावे. समितीला चूक माफ करता येते, बनावट नोंद माफ करता येत नाही.

जे स्वतः संमती देऊ शकत नाहीत

लहान मुलांच्या बाबतीत पालकांची परवानगी आणि, समजण्याइतके वय असेल तर, मुलाचीही तयारी लागते. मुलाचा ठाम नकार गंभीरपणे घ्यावा. परवानगी असली म्हणजे सर्व झाले असेही नाही. ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्ड यांचा लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा 1998 चा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतला, हे सर्वांना माहीत आहे. त्याच वर्षी ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने त्यांना ज्या गोष्टींसाठी दोषी धरले, त्यांत स्वतःच्या मुलाच्या वाढदिवसाच्या समारंभात पाहुण्या मुलांचे रक्त घेऊन त्यांना पाच पाच पौंड दिल्याचाही समावेश होता, हे मात्र कमी जणांना ठाऊक असते. कुणाकडून, कुठे आणि कोणत्या प्रसंगी नमुना घेतला जातो, हाही नीतीचाच प्रश्न आहे.

बेशुद्ध किंवा गोंधळलेल्या रुग्णासाठी कायद्याने मान्य प्रतिनिधीची परवानगी घ्यावी, आणि शुद्ध आल्यावर रुग्णाला स्वतःला पुन्हा विचारावे. तातडीच्या उपचारांच्या काही अभ्यासांत प्रतिनिधी मिळेपर्यंत थांबणे शक्य नसते. तशी सोय आराखड्यात लिहिलेली आणि समितीने आधीच मंजूर केलेली असेल, तरच तिचा वापर करावा.

उपचारात घेतलेले आणि उरलेले नमुने ही आणखी एक निसरडी जागा. हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकी कर्करुग्ण महिलेच्या अर्बुदातील (गाठीतील) पेशी 1951 मध्ये तिच्या नकळत संशोधनासाठी ठेवल्या गेल्या. त्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचल्या, तरी कुटुंबाला त्याचा पत्ता दोन दशके नव्हता. आपल्या अभ्यासात नमुने साठवायचे असतील, तर त्यासाठी संमतिपत्रात स्वतंत्र रकाना ठेवावा, म्हणजे अभ्यासाला होकार आणि साठवणीला नकार असे उत्तर देणे रुग्णाला शक्य होईल.

नकार आणि माघार

नकार मिळाल्यावर कारण विचारायचे असेल तर एकदाच, आणि उत्तर देणे ऐच्छिक आहे असे सांगून विचारावे. समजूत घालू नये. केसपेपरवर ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा लिहू नये. तो पुढच्या प्रत्येक डॉक्टरला दिसतो. दुसऱ्या दिवशी राउंडला त्याच्या पलंगाजवळ नेहमीइतकाच वेळ थांबावे, किंबहुना दोन मिनिटे जास्त, कारण आपण रागावलो आहोत का हे तो पाहत असतो.

माघार घेणाऱ्याने कारण दिलेच पाहिजे असे नाही. त्याला तीन गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्यात: औषध थांबवायचे आहे का, पाठपुराव्याच्या भेटी थांबवायच्या आहेत का, आणि साठवलेल्या नमुन्यांचे काय करायचे. पुष्कळांना यांतली एकच गोष्ट नको असते. अभ्यासाचे औषध एकदम बंद करणे धोक्याचे असेल, तर ते हळूहळू कमी करण्याची योजना त्याच दिवशी आखून द्यावी, आणि नेहमीच्या उपचारांकडे परतण्याची व्यवस्था करूनच त्याला मोकळे करावे. अभ्यास चालू असताना नवा धोका लक्षात आला, तर राहिलेल्या सर्वांना ते कळवून नव्याने विचारावे लागते. पहिली सही त्यासाठी पुरत नाही.

शेवटची सूचना नोंदवहीची आहे. किती जणांना विचारले, किती जणांनी होकार दिला आणि किती जणांनी नकार, याची यादी नावांशिवाय ठेवावी आणि महिन्यातून एकदा पाहावी. नकाराचा रकाना महिनोन्‌महिने कोरा राहिला, तर अभ्यास लोकप्रिय आहे असा निष्कर्ष काढण्याआधी अभ्यासाशी संबंध नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला पुढच्या दोनचार संभाषणांना बाजूला बसायला सांगावे, आणि रुग्ण कोणत्या वाक्यानंतर प्रश्न विचारायचा थांबतो ते टिपून ठेवायला सांगावे.